ऑटो पार्ट्‌सची मोजणी भरवशाची कशी करावी: गोव्याच्या दमट हवेतल्या युनिटांसाठी

वेर्ण्याच्या, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतून पिना, बुश, हाउसिंग गाडीत भरून अनमोडचा नाहीतर चोर्ल्याचा घाट चढतात. इथून निघताना सगळे जॉब (बनवलेले पार्ट) ओके असतात. गिऱ्हाइकाच्या स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे ठरलेल्या तापमानाच्या मोजणीच्या खोलीत, त्यातलेच काही अंडरसाइज ठरून परत येतात. मग इथे मशीन लावणाऱ्या सेटरला बोल लावले जातात, ऑफसेट (टूलच्या जागेचा आकडा) हलवला जातो, धड असलेलं टूल बदललं जातं. पुष्कळदा मशीनचं काहीच बिघडलेलं नसतं, बिघडलेला असतो तो मोजलेला आकडा.

कोणत्याही रीडिंगमध्ये दोन फरक एकत्र येतात: जॉबजॉबांतला खरा फरक आणि मोजण्यातून शिरलेला फरक. दुसरा किती आहे हे कळल्याशिवाय पहिल्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. एका ठरावीक दिवशी, २० अंशांच्या खोलीत, लॅबमधल्या तरबेज हातात ते मायक्रोमीटर बरोबर होतं, एवढंच ते सर्टिफिकेट सांगतं. जुलैच्या रात्रपाळीत कूलंटने ओल्या झालेल्या हातात तेच मायक्रोमीटर काय दाखवतं, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

आधी इन्स्ट्रुमेंट कामाजोगतं आहे का ते बघा

जुना आणि अजूनही उपयोगी नियम: लीस्ट काउंट (इन्स्ट्रुमेंट दाखवू शकतं ते सर्वांत लहान माप) टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) एकदशांश किंवा त्याहून बारीक हवा. एकूण टॉलरन्स ०.०२१ मि.मी. असेल तर ०.०१ चं मायक्रोमीटर कामाचं नाही, ०.००१ चं लागेल. इथे डिजिटल व्हर्निअर फसवतो. स्क्रीनवर ०.०१ दिसतं, पण १५० मि.मी.च्या साध्या डिजिटल व्हर्निअरची अचूकता ±०.०२ च्या आसपास असते. शेवटचा आकडा दिसतो म्हणून तो खरा असतोच असं नाही. शिवाय व्हर्निअरची मोजपट्टी आणि जॉब एका रेषेत नसतात. जबड्याच्या टोकाशी जॉब धरून जोर दिला की जबडा किंचित कलतो. त्यामुळे जॉब जबड्याच्या मुळाशी, दांडीजवळ धरावा. बोअर (आतलं भोक) तर व्हर्निअरने फायनल करूच नये. आतल्या जबड्यांच्या कडांना जाडी असते, त्यामुळे लहान भोक हमखास कमी दाखवतं. तिथे डायल बोअर गेज आणि तो सेट करायला रिंग गेज (ठरलेल्या व्यासाचं कडं) वापरा, प्रॉडक्शन जास्त असेल तर एअर गेज (दाबाच्या हवेने मोजणारा).

सेंटरलेस ग्राइंडिंगच्या पिनांचं दुखणं वेगळं. पीन कधी कधी गोल न होता तीन पाकळ्यांची होते. मायक्रोमीटर दोन बिंदूंत मोजतो आणि अशा पिनेचा व्यास कुठूनही फिरवला तरी सारखाच दाखवतो. रीडिंग पक्कं ओके, पण पीन रिंग गेजमध्ये जात नाही. असं झालं की मायक्रोमीटरशी भांडण्यात वेळ घालवू नका. पीन ६० अंशांच्या व्ही-ब्लॉकवर ठेवा, वर डायल लावा आणि हळू फिरवा. एका फेऱ्यात काटा तीनदा वरखाली झाला तर उत्तर मिळालं.

तापमान आणि दमटपणा: गोव्यात निम्मी लढाई इथेच

जगभर मापं २० °से.ला धरतात. आपल्या शॉपमध्ये २० अंश कुठल्याच महिन्यात नसतात. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनिअम २३ मायक्रॉन, म्हणजे दुप्पट.

याचा परिणाम कसा होतो ते ८० मि.मी. बोअरच्या ॲल्युमिनिअम हाउसिंगवर बघा. एच७ टॉलरन्स (मानकातला एक ठरीव वर्ग) म्हणजे या मापाला ० ते +०.०३०. शॉपमध्ये ३२ अंश आहेत. हाउसिंगचा बोअर २० अंशांच्या मानाने ८० × ०.००००२३ × १२, म्हणजे ०.०२२ मि.मी. मोठा झालेला आहे. बोअर गेज सेट केलेली पोलादी रिंगही तिथेच ३२ अंशांवर असेल तर ती ०.०११ ने वाढलेली आहे. दोन्हींतला फरक ०.०११ उरतो, आणि तेवढा बोअर आपल्याला खऱ्याहून मोठा दिसतो. आपण +०.००५ लिहून पाठवतो. गिऱ्हाइकाच्या २० अंशांच्या खोलीत तोच बोअर −०.००६ भरतो. लॉट रिजेक्ट, आणि चूक मशीनचीही नाही, माणसाचीही नाही.

यातून तीन कामाच्या गोष्टी निघतात. पोलादाचा जॉब, पोलादाचा मास्टर (माप माहीत असलेला नमुना) आणि गेज हे तिन्ही एकाच तापमानाला असतील तर वाढ बहुतेक एकमेकांत कटते, म्हणून मास्टर जॉबशेजारीच ठेवा. ॲल्युमिनिअमच्या जॉबला त्याच धातूचा मास्टर बनवून घ्या, किंवा दुरुस्तीचा तक्ता करून मशीनजवळ लावा: शॉपचं तापमान अमुक, तर रीडिंगमधून इतके मायक्रॉन वजा. आणि मशीनमधून आत्ताच निघालेला गरम जॉब मोजून ऑफसेट देऊ नका. धुऊन, पुसून, जाड पोलादी प्लेटवर ठेवा. लहान पीन लवकर थंड होते, दोन-तीन किलोच्या हाउसिंगला तास-दोन तास लागतात. किती वेळ लागतो हे अंदाजाने ठरवू नका. एक जॉब दर दहा मिनिटांनी मोजा. सलग तीन रीडिंग हलली नाहीत की तोच तुमचा थांबण्याचा वेळ, तो वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये लिहा.

दमट हवेचं गणित याहून त्रासदायक आहे. पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २६ अंशांच्या वर असतो. एसी रूममधून २० अंशांचा प्लग गेज (भोकात घालून बघायचा दांडा) शॉपमध्ये आणला की त्यावर लगेच दव धरतं. आधी त्याने माप बिघडतं, दोन दिवसांनी गंज. त्यावर उपाय एकच: शॉपची गेज शॉपमध्ये राहतील, रूमची रूममध्ये. ने-आण करावीच लागली तर बंद डब्यात न्या आणि डबा बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

स्टँडर्ड रूममध्ये २० ± १ अंश आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. नुसत्या एसीने पावसाळ्यात आर्द्रता आटोक्यात राहत नाही. खोली एकदा थंड झाली की कॉम्प्रेसर थांबतो आणि ओल तशीच राहते, म्हणून वेगळा डीह्युमिडिफायर लागतोच. वीज वाचवायला रात्री एसी बंद करण्याची सवय महागात पडते. ग्रॅनाइट प्लेट आणि सीएमएम (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन) सकाळी लगेच स्थिर होत नाहीत. ग्रॅनाइट ओल शोषतो, त्यामुळे मोजायच्या आधी प्लेट पाण्याने पुसू नये. क्लीनर नाहीतर स्पिरिट वापरावं आणि वाळू द्यावं.

स्लिप गेजना (अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांना) उघडा हात लावू नका. घामातल्या मिठाने बोटाचा ठसा गंजाच्या रूपात कायमचा उमटतो आणि तो गेज पुन्हा नीट चिकटत नाही. काम झालं की स्पिरिटने पुसा, गंजरोधक तेलाचा पातळ हात द्या, व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) कागदात ठेवा. लाकडी पेटीतलं फेल्ट ओल धरून ठेवतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. कपाटात चाळीस वॅटचा बल्ब लावण्याची जुनी युक्ती टूल क्रिबला ठीक, मास्टरच्या कपाटाला नको, कारण मास्टर तापतात.

चवथीची सुट्टी हा वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ. चार दिवस युनिट बंद, एसी बंद, भर पावसाळा. बंद करण्याच्या आदल्या दिवशी सगळी गेज तेल लावून ठेवा, डीह्युमिडिफायर चालू ठेवण्याची सोय करा. परत आल्यावर खोली चोवीस तास थंड होऊ द्या आणि झिरो तपासल्याशिवाय एकही रीडिंग लिहू नका.

एअर गेज वापरत असाल तर पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी दर पाळीला काढा आणि लाइनला रेफ्रिजरेटेड ड्रायर लावा. जेटमध्ये एक थेंब आला तरी काटा नाचतो आणि ऑपरेटर बोअरला दोष देतो.

हात कसा चालतो

मायक्रोमीटर: स्वच्छ कागदाचा कपटा दोन्ही फेसमध्ये हलका पकडून ओढून काढा, फेस साफ होतात. मग झिरो बघा. २५–५० च्या मायक्रोमीटरला सोबतच्या सेटिंग रॉडने. थिंबल पकडून आवळू नका. रॅचेट फिरवा आणि दोन-तीन टिकटिकींवर थांबा. मायक्रोमीटर हातात घट्ट धरून पंधरा मिनिटं जॉब मोजत राहिलं तर हाताच्या उबेने फ्रेम वाढते. फ्रेमवर प्लास्टिकचं कवच असतं ते याचसाठी. शक्य तिथे स्टँडवर लावा.

बोअर गेज भोकात घालून पुढेमागे डोलवा. काटा जिथून परत फिरतो तेच रीडिंग. रिंगमध्ये सेट करतानाही तसंच. सेट करताना डोलवलं आणि जॉबमध्ये नुसतं घातलं, असं अर्धवट केलं तर चूक पक्की.

लिव्हर डायलचा दांडा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवा. तो ३० अंशांनी उभा राहिला तर खरी हालचाल दाखवलेल्या आकड्याच्या ८७ टक्केच असते. रनआउट ०.०२३ दिसलं म्हणून रिजेक्ट केलेला जॉब प्रत्यक्षात ०.०२० चा असतो.

बर (कडेला राहिलेली धातूची कूस) काढल्याशिवाय मोजू नका. हे वेगळं सांगायला नको, पण बर अंगठ्याने चाचपून बघण्याऐवजी कडेवर तेलदगड फिरवून काढा.

गेज आर अँड आर: खरा आणि फाइलपुरता

आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात कंट्रोल प्लॅनमधल्या प्रत्येक प्रकारच्या मोजणीचा अभ्यास, म्हणजे मोजण्यातूनच किती फरक शिरतो त्याची चाचणी, मागितला आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइकं एआयएजीच्या (अमेरिकेतल्या वाहन उद्योगाच्या संघटनेच्या) रीतीने तो मागतात. दहा जॉब, तीन माणसं, प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे नव्वद रीडिंग. अर्ध्या दिवसाचं काम. फाइलपुरते केलेले अभ्यास मात्र पाहताक्षणी ओळखू येतात: तिघांचीही रीडिंग एकाच अक्षरात आणि कुणाचाही फरक ०.००१ च्या वर नाही.

जॉब एकापाठोपाठ निघालेले दहा घेऊ नका. वेगवेगळ्या पाळ्यांतून, चार-पाच दिवसांत जमवा, म्हणजे प्रोसेसची खरी रुंदी त्यात येते. मुद्दाम मोठेलहान रिजेक्ट जॉब घुसवले तर एकूण फरकाच्या मानाने काढलेली टक्केवारी खोटी चांगली दिसते. प्रत्येक जॉबवर मोजायची जागा मार्करने खूण करा, नाहीतर जॉबचा ओव्हल (लंबगोलपणा) मोजणीच्या खात्यात जातो. नंबर माणसाला दिसणार नाही असा लावा आणि प्रत्येक फेरीत क्रम बदला. मोजणारी माणसं रोज मोजणारीच हवीत, क्यूए इंजिनिअर नव्हे. आकडा लीस्ट काउंटपर्यंत लिहा, गोल करू नका.

समजा, २५ मि.मी.ची एच७ (लहान h) पीन, म्हणजे टॉलरन्स ०.०२१, आणि ०.००१ चं मायक्रोमीटर. तिघांच्या रेंजची (एकाच जॉबच्या तीन रीडिंगांतल्या सर्वांत मोठ्या-लहानाच्या फरकाची) सरासरी ०.००१८ आली. तीन फेऱ्यांचा गुणक ०.५९०८, म्हणून रिपीटेबिलिटी (त्याच माणसाने पुन्हा मोजताना येणारा फरक) ०.००१०६. सर्वांत मोठ्या आणि लहान सरासरीच्या माणसांत ०.००२५ चा फरक आहे. त्याला तीन माणसांच्या ०.५२३१ ने गुणलं की ०.००१३१. त्याच्या वर्गातून रिपीटेबिलिटीच्या वर्गाचा तिसावा भाग वजा केला, वर्गमूळ घेतलं, की रिप्रोड्युसिबिलिटी (माणसामाणसांतला फरक) ०.००१२९. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे जीआरआर: ०.००१६७. त्याची सहापट टॉलरन्सने भागली तर जवळजवळ ४८ टक्के. टॉलरन्सची निम्मी जागा मोजणीनेच खाल्ली.

दहा जॉबांच्या सरासरींत ०.०१४ ची रेंज असेल तर ०.३१४६ ने गुणून जॉबचा फरक ०.००४४० येतो. १.४१ गुणिले ०.००४४० भागिले ०.००१६७, म्हणजे ३.७. याला एनडीसी (मोजणी जॉबांचे किती वेगळे गट ओळखू शकते तो आकडा) म्हणतात आणि अपूर्णांक सोडून ३ धरतात. किमान ५ हवा. तीन म्हणजे ही मोजणी लहान, मध्यम, मोठा यापलीकडे जॉब वेगळे ओळखू शकत नाही.

१० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० मध्ये कामाचं महत्त्व आणि खर्च बघून चालवता येतं, ३० च्या वर नाही. पण निकालापेक्षा फोड जास्त बोलते. इथे माणसामाणसांतला फरक इन्स्ट्रुमेंटच्या फरकापेक्षा मोठा आहे, म्हणून नवं मायक्रोमीटर घेण्याआधी रीत बघा. बहुतेक वेळा एकजण रॅचेट वापरतो, दुसरा थिंबल आवळतो. तिघांना एकत्र बसवा, स्टँड द्या, चित्रं असलेली वर्क इन्स्ट्रक्शन लावा. आपल्या शॉपमध्ये कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड, उडिया सगळं चालतं, तिथे परिच्छेदापेक्षा फोटो उपयोगी. पुन्हा अभ्यास केल्यावर माणसांतला फरक ०.०००५ आणि रेंज ०.०००९ वर आली तर जीआरआर ०.०००५८ होतो, टॉलरन्सच्या सुमारे १७ टक्के, एनडीसी १०. आता उरलेलं मुख्यतः इन्स्ट्रुमेंटचं आहे. इथून खाली जायचं तर कम्पॅरेटर किंवा एअर गेज.

याउलट रिपीटेबिलिटी मोठी असेल तर फिक्स्चर ढिला, अँव्हिल झिजलेली, जॉब हलतोय, किंवा जॉबचा आकारच वाकडा, असं शोधत जा. आणि रेंजपैकी बऱ्याच शून्य आल्या तर खूश होऊ नका. लीस्ट काउंट जाडा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गो-नोगो, टॉर्क, पेंट

गो प्लग, म्हणजे चांगल्या भोकात जायलाच हवा तो, झिजला की तो बारीक होतो आणि लहान बोअरही पास करतो. म्हणजे झीज नेहमी गिऱ्हाइकाच्या विरुद्ध जाते. प्लग जोराने घालू नका, स्वतःच्या वजनाने जायला हवा. गो-नोगोच्या अभ्यासाला पन्नास जॉब, तिघे, तीनदा. जॉब आधी नीट मोजून निकाल ठरवा आणि बरेचसे दोन्ही सीमांच्या जवळचे घ्या, कारण मधले जॉब कुणीही बरोबर सांगतो. योग्य निर्णय ९० टक्क्यांच्या वर, खराब जॉब पास होण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत, चांगला नापास होण्याचं ५ च्या आत. कप्पा (निकाल एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७५ च्या वर हवा.

सत्तरीतल्या होंडा-भुईपाल गावांच्या बाजूला बसच्या बॉड्या होतात. तिथे व्यासापेक्षा टॉर्क आणि पेंट महत्त्वाचे. क्लिकचा टॉर्क रेंच सावकाश ओढा आणि एका क्लिकवर थांबा. दुसऱ्या क्लिकने नट जास्त आवळला जातो. पाळी संपली की स्केल सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा. ५००० क्लिक किंवा १२ महिने, जे आधी होईल तेव्हा तपासणी. लाइनवरच्या रेंचला ५००० क्लिक व्हायला वर्ष लागत नाही, तेव्हा मोजदाद ठेवा.

पेंटच्या जाडीचा गेज त्याच जाडीच्या, त्याच पत्र्याच्या कोऱ्या तुकड्यावर झिरो करा. जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्यावर चुंबकीय गेज जस्ताचा थरही पेंटमध्ये धरतो. काळ्या पत्र्यावर झिरो करून जीआयवर मोजलं तर पेंट भरपूर दिसतो आणि बस किनाऱ्यावर धावायला लागली की गंज लवकर वर येतो.

रोजची तपासणी, आणि चुकलेला गेज सापडल्यावर

प्रत्येक महत्त्वाच्या गेजसाठी एक मास्टर जॉब ठेवा, जॉबच्याच आकाराचा, लॅबमधून मोजून आणलेला. पाळी सुरू होताना तो तीनदा मोजा आणि सरासरी व रेंज चार्टवर टाका. दोन मिनिटं लागतात. बिंदू एका बाजूला सरकत गेले तर झीज, अचानक उडी मारली तर गेज पडला आहे. पडलेला गेज सांगितल्याबद्दल दंड करू नका. दंड झाला की पुढचा कुणी सांगत नाही.

लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असली तरी सर्टिफिकेट वाचा. नुसता शिक्का नको, प्रत्येक बिंदूवरची चूक, अनिश्चितता आणि दुरुस्तीआधीचं रीडिंग हवं. चूक ३ मायक्रॉन, अनिश्चितता २ आणि मर्यादा ४ असेल तर तो गेज पास म्हणणं धाडसाचं आहे. दुरुस्तीआधीची रीडिंग सलग तीनदा मर्यादेच्या बरीच आत असतील तर मुदत वाढवता येते. एकदाही बाहेर गेली तर निम्मी करा.

गेज मर्यादेबाहेर गेलेला आढळला तर त्याच्या शेवटच्या चांगल्या तपासणीपासून आजपर्यंत त्याने मोजलेला सगळा माल संशयित. कुठले लॉट, कुठलं माप, किती पाठवले, हे काढा, हातातला माल पुन्हा मोजा, गेलेल्या मालाची खबर गिऱ्हाइकाला द्या. आयएटीएफला हे लेखी लागतं. रोजचा मास्टर नसेल तर संशयाची खिडकी वर्षभराची, असेल तर एका पाळीची.

गिऱ्हाइकाच्या आकड्याशी मेळ

नवीन पार्ट सुरू होतानाच, वाद व्हायच्या आधी, हे करा. टॉलरन्सभर पसरलेले पाच जॉब घ्या, त्यांवर नंबर कोरून घाला, मोजायची जागा खुणेने दाखवा, डेटम (माप जिथून धरतात ती बाजू) कुठला धरला ते कागदावर काढा. तीनदा मोजून सरासरी आणि तापमान लिहा. व्हीसीआय पिशवीत घालून पाठवा आणि त्यांच्या खोलीत चारेक तास ठेवून मगच मोजायला सांगा. आकडे आले की वजाबाकी करा. पाचही जॉबांत फरक सारखाच असेल तर मास्टर, झिरो किंवा तापमान यातलं काहीतरी आहे. माप वाढेल तसा फरक वाढत असेल तर लिनिॲरिटी (सगळ्या मापांवर चूक सारखीच आहे का ते) बघा, सेटिंग फक्त एकाच टोकाला होत असेल. फरक कसाही उडत असेल तर दोघांपैकी एकाची रिपीटेबिलिटी खराब आहे, आणि ती कुणाची हे दोन्हीकडचे जीआरआर शेजारी ठेवले की दिसतं. चार जुळले आणि पाचवाच वेगळा आला, तर तो जॉब व्ही-ब्लॉकवर फिरवून बघा.